जुन्या स्पोर्ट्स कारचे दिवे आणि बाकीचं सामान : इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात जुन्या ब्रिटिश टू-सीटर गाड्या बाळगणारी घरं थोडी, पण प्रत्येकाचे प्रश्न मात्र तेच. एमजी असो की ट्रायम्फ, पहिला फोन येतो तो बहुतेक दिव्यांवरून. म्हणून इथे दिव्यांना जास्त जागा दिली आहे आणि बाकीचं सामान ओघाने आलं आहे. सगळं साधारण १९४५ ते १९८० मधल्या गाड्यांना धरून आहे.

आजोबांची एमजी शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. कामाला हात कुठून घालू?

आधी एक करू नका : सेल्फ मारून बघू नका. बॅटरी जोडायचीही घाई नको. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीचं तांबं कुठेतरी पत्र्याला टेकलेलं असतं, आणि या गाड्यांच्या हेडलाइटच्या लाइनला बहुधा फ्यूजच नसतो. सुरुवातीच्या एमजीबी मॉडेलमध्ये अख्ख्या गाडीला मिळून दोन फ्यूज आहेत. शॉर्ट झाला की वायरच जळते.

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, तेही जवळून : कोणती वायर कुठल्या स्क्रूला, वॉशर पत्र्याच्या आत की बाहेर, रबर कुठल्या बाजूने. प्रत्येक दिव्याचं सामान वेगळ्या पिशवीत ठेवा आणि वर डावा-उजवा लिहा. आणि काहीही फेकू नका. गंजलेला रिम, तडा गेलेला होल्डर, अर्धी काच, वाकडा स्क्रू, सगळं राहू द्या. दिवाळीच्या साफसफाईत असा डबा भंगारात जातो आणि मग तोच स्क्रू इंग्लंडहून मागवायची वेळ येते. नवीन पार्ट बनवून घ्यायचा ठरला तरी लेथवाल्याला नमुना म्हणून जुनाच लागतो.

घरातल्या मोठ्यांकडून जुनी कागदपत्रं आताच मागून घ्या. आरसी बुक, विम्याच्या पावत्या, लग्नाच्या अल्बममधला गाडीचा फोटोसुद्धा. पुढे आरटीओत आणि रंग ठरवताना, दोन्हीकडे ते लागतं.

हेडलाइट लागतात, पण मंद आणि पिवळट. जास्त वॅटचा बल्ब टाकू का?

नको. दहापैकी आठ वेळा दोष बल्बचा नसतो, वाटेत हरवलेल्या व्होल्टचा असतो. साध्या फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो, आणि रंग पिवळा पडतो तो याचमुळे. जास्त वॅटचा बल्ब म्हणजे जास्त करंट. त्याच खराब जोडांतून जास्त करंट गेला की व्होल्ट आणखी पडतात, आणि डॅशबोर्डवरचा स्विच तापायला लागतो तो वेगळाच.

मल्टिमीटर घ्या आणि दिवे चालू ठेवूनच मोजा. एक टोक बॅटरीच्या चालू टर्मिनलवर, दुसरं बल्बच्या चालू पिनवर. मीटरवर जे दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. मग दुसरी फेरी : बल्बच्या अर्थपासून (म्हणजे बॉडीतून वीज परत जाते त्या टोकापासून) बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दोन्हीकडे मिळून दोन-अडीच व्होल्ट गेलेल्या गाड्या सर्रास दिसतात, आणि त्यांचे मालक तिसऱ्यांदा बल्ब बदलत असतात.

व्होल्ट नेमके जातात कुठे? नाकाजवळ, ग्रिलच्या मागे बघा. तिथे वायरींच्या टोकांना पितळेचे छोटे बुलेट असतात आणि ते काळ्या रबरी नळीतल्या पत्र्याच्या खोबणीत दाबून बसवलेले असतात. नळी जरा मागे सरकवा. आत हिरवट भुकटी दिसली की चोर सापडला. बुलेट बाहेर ओढा, बारीक पॉलिश पेपरने लखलखीत करा, आतली खोबण पक्कडीने हलकेच आवळा आणि थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवा. बसताना कट्ट असा आवाज आला पाहिजे. सैल गेला तर नवीन नळी घ्या, ती स्वस्तातली वस्तू आहे.

दुसरा चोर अर्थ. हेडलाइटची वाटी मडगार्डला स्क्रूने बसते आणि काही गाड्यांत तोच तिचा अर्थ असतो. डेंटिंग-पेंटिंग करून गाडी नवीकोरी होऊन घरी येते आणि त्याच रात्री दिवे लागत नाहीत, ही तक्रार इतकी ठरलेली आहे की फोनवरच उत्तर देता येतं : स्क्रूखाली प्रायमर आणि पेंटचे थर बसलेत, वीज जाणार कुठून? रंग खरवडायचा नसेल तर वाटीपासून थेट चॅसिसपर्यंत वेगळी काळी वायर ओढा. दिसत नाही, आणि कायमची कटकट मिटते.

एवढं करूनही समाधान झालं नाही तर रिले लावा. लो आणि हाय बीमला एकेक, बॅटरीकडून जाड वायर, मध्ये फ्यूज. मग जुना स्विच आणि पायाखालचा डिपर फक्त रिलेला इशारा देतात, त्यांच्यातून मोठा करंट जात नाही. हा बदल कुठलंही भोक न पाडता करता येतो आणि हवा तेव्हा काढूनही टाकता येतो.

रिफ्लेक्टर काळवंडला आहे. ब्रासोने घासून चालेल?

अजिबात नाही. जुने रिफ्लेक्टर पितळेच्या पत्र्याचे आणि वर चांदीचा पातळ मुलामा. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. ब्रासोने काळं जाईल, पण त्याबरोबर मुलामाही जाईल आणि खालचं पितळ डोकावेल. बोटही लावू नका, घामाचा ठसा काही महिन्यांत कायमचा उमटतो. धूळ असेल तर मऊ ब्रश, फार तर डिस्टिल्ड पाणी, आणि पुसायचं नाही, उलटं ठेवून वाळू द्यायचं.

मुलामा गेलाच असेल तर तीन वाटा. पुन्हा चांदी चढवणं : चांदी सुमारे ९५ टक्के प्रकाश परत फेकते, पण पुन्हा काळी पडते. व्हॅक्युममध्ये अ‍ॅल्युमिनियम चढवणं : ९० टक्क्यांच्या जवळपास, आणि वर संरक्षक थर दिला तर वर्षानुवर्षं टिकतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीला माझं मत यालाच. तिसरी वाट क्रोमची, आणि आपल्याकडे तीच सर्वांत आधी सुचवली जाते, कारण क्रोमवाला गल्लीत असतो. दुकानात असा रिफ्लेक्टर आरशासारखा दिसतो. पण क्रोम सुमारे ६५ टक्केच प्रकाश परत देतं. बंद गाडीत सुंदर दिसेल, रात्री महूच्या रस्त्यावर तुम्ही पुढच्या ट्रकच्या उजेडात गाडी चालवाल.

काच फुटली आहे. कुठलीही सात इंची चालेल?

मापाने चालेल. एमजीबी, एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर यांचे हेडलाइट सात इंची गोल आहेत, म्हणजे अ‍ॅम्बॅसॅडर आणि जुन्या जीपचंच माप. पण काचेवरच्या उभ्या-आडव्या रेघा नक्षी नाहीत, बीम कुठे वाकणार ते त्या ठरवतात. या गाड्यांचं मोठं मार्केट अमेरिका होतं, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या पार्टांत तिकडचे पुष्कळ असतात. ते डिप केल्यावर उजवीकडे प्रकाश टाकतात. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा तो उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत. घेण्याआधी भिंतीवर मारून बघा : लो बीम डाव्या अंगाला चढला पाहिजे.

काच नुसती धुरकट असेल तर बदलू नका. जुन्या कंपनीचं नाव कोरलेली मूळ काच हा गाडीचा चेहरा आहे.

एच४ टाकू की एलईडी?

एच४, म्हणजे दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब, टाका, पण ६०/५५ वॅटचाच. जुन्या होल्डरची बैठक वेगळी असते, म्हणून बहुधा अख्खं सात इंची युनिट बदलावं लागतं. मूळचं युनिट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

१००/९० वॅटच्या मोहात का पडायचं नाही, तर हा हिशेब बघा. या गाड्यांचं विजेचं सामान बहुधा लुकास या ब्रिटिश कंपनीचं, आणि तिचा सी४० डायनॅमो (गाडीत वीज बनवणारं यंत्र) जोरात फिरताना जेमतेम २२ अँपिअर देतो. साठ-साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. त्यात साइड, टेल, इग्निशन, पेट्रोल पंप आणि पावसात वायपर. शंभर वॅटचे दोन टाकले की नुसत्या हेडलाइटला सोळा-सतरा गेले. शिवाय डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही. राजवाड्याच्या गर्दीत अर्धा तास अडकलात तर सगळं बॅटरीतून जातं.

हेडलाइटमध्ये एलईडी मला पटत नाही. फिलामेंट जिथे असतो नेमक्या तिथे एलईडीची चिप बसत नाही, त्यामुळे बीम विस्कटतो. मागच्या दिव्यांत, नंबर प्लेटवर आणि मीटरमागे मात्र एलईडी उपयोगी : करंट कमी आणि प्लॅस्टिक तापत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत साधे एलईडी लागणारच नाहीत, दोन्ही ध्रुवांवर चालणारे मागा. आणि इंडिकेटरचा जुना फ्लॅशर करंटने तापून चालतो. एलईडीला तेवढा करंट लागतच नाही, तेव्हा तो लुकलुकणार नाही, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागेल.

पॉझिटिव्ह अर्थ म्हणजे काय, आणि बदलून घेऊ का?

बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, एवढंच. साठच्या दशकापर्यंत ब्रिटिश गाड्यांत हीच पद्धत होती. एमजीबी १९६७ मध्ये निगेटिव्हवर आली. नवा वायरमन बॉनेट उघडून सवयीने उलटी बॅटरी जोडतो, म्हणून बॅटरीजवळ मोठ्या अक्षरांत पाटी लावा.

रेडिओ, मोबाइल चार्जर वगैरे लावायचं नसेल तर बदलायची गरज नाही. बदलायचंच असेल तर बॅटरी उलटवा, कॉइलच्या दोन वायरी आणि अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करा, आणि डायनॅमोला नवी दिशा शिकवा : त्याच्या डी आणि एफ दोन्ही वायरी काढून, बॅटरीच्या चालू टोकाची वायर एफला क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी दिसली की काम झालं. सेल्फ आणि वायपरची मोटर यांना काही फरक पडत नाही.

वायरिंग नवीन करू की जोडून भागवू?

इन्शुलेशन वाकवल्यावर तुटत असेल तर नवीनच. आपल्या उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा गेला की साठ वर्षांचं रबर बिस्किटासारखं मोडतं. कापडी वेणीचे तयार हार्नेस इंग्लंडमध्ये आजही बनतात. इथे बनवून घेणार असाल तर एक हट्ट धरा : रंग मूळचेच. इथला वायरमन एकाच लाल रंगाच्या गुंडाळीत सगळी गाडी गुंडाळून देतो, आणि पुढच्या माणसाला त्यात काही म्हणता काही सापडत नाही.

लुकासची पद्धत सोपी आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, फ्यूजशिवाय. पांढरी म्हणजे चावीनंतर. हिरवी म्हणजे चावी आणि फ्यूज दोन्हीनंतर, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर हिच्यावर. निळी हेडलाइट : निळी-पांढरी हाय, निळी-लाल लो. लाल म्हणजे साइड आणि टेल. काळी अर्थ.

फ्यूज घेतानाही डोळे उघडे ठेवा. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा तो कितीवर उडतो ते सांगतो, सतत झेपतो तो १७ अँपिअर. दुकानातून सतत ३५ झेपणारा आणलात तर वायरीला दुप्पट मोकळीक दिलीत.

मागच्या दिव्यांची प्लॅस्टिकची काच पांढुरकी झाली आहे.

८०० चा पाणपेपर, मग १५००, मग २०००, शेवटी रबिंग पॉलिश. वरचा थर जातो आणि लाल रंग परत येतो. आतल्या बाजूला फक्त साबणाचं पाणी. थिनर किंवा पेट्रोल लावलंत तर अ‍ॅक्रिलिकला जाळीसारख्या चिरा पडतात आणि त्यावर इलाज नाही.

क्रोमचं काम इंदुरात होतं का?

होतं, पण कारागिराशी बोलणं तुम्हाला जमलं पाहिजे. चमक क्रोमची नसतेच मुळी. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाइतका, खालचा तांब्या-निकेलचा थर त्याच्या कित्येक पट. क्रोमवाल्याला ‘चमकव’ म्हणालात तर तो निकेलचा एक हात देऊन मोकळा होतो आणि पुढच्या पावसाळ्यात बारीक ठिपके येतात. तांबं, बफिंग, निकेल, मग क्रोम, असं ठरवून सांगा आणि तांबं चढल्यावर एकदा स्वतः जाऊन बघा.

बफिंगच्या चाकावर विशेष लक्ष. एका हेडलाइटच्या रिमवरची कोरीव अक्षरं एका दुकानात अशी घासली गेली की हात फिरवला तरी लागत नाहीत. चकाकी मात्र अप्रतिम! कडा आणि अक्षरं असलेले भाग हाताने घासायला सांगा. टेललाइटच्या बैठका, दाराचे हँडल असे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग पितळेसारखे घासता येत नाहीत. त्यांच्यातले खड्डे आतून आलेले असतात. प्रत्येक खड्डा कोरून, तांब्याने भरून, पुन्हा सपाट करावा लागतो. बरी प्रतिकृती मिळत असेल तर अशा ठिकाणी तीच घ्या, पण तिची बैठक मूळ भागाशी जुळवून बघा.

नट-बोल्ट सियागंजात मिळतील ना?

काही मिळतील. पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतरच्या गाड्यांत यूएनएफ आटे जास्त, ते इथे मिळतात. त्याआधी बीएसएफ आणि व्हिटवर्थ ही जुनी ब्रिटिश मापं, आणि वायरिंगच्या बारीक स्क्रूंना बीए. बीए मिळवायला जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांचे डबे धुंडाळावेत. सर्वांत गमतीचं इंजिन एमजी टीसी-टीडीचं : १२५० सीसी, आटे मेट्रिक पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थचं. पाना बसतो म्हणून दुकानातून आणलेला बोल्ट फिरवायला गेलात तर ब्लॉकचे आटे गेले म्हणून समजा. पहिले तीन वेढे बोटांनी गेले नाहीत तर तो बोल्ट तिथला नाही.

अ‍ॅम्बॅसॅडर किंवा हेराल्डचे पार्ट चालतात असं ऐकलं आहे.

बऱ्याच अंशी खरं आहे. अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं, आणि पहिल्या एमजीएमध्येही त्याच घराण्यातलं १४८९ सीसी इंजिन होतं. हेड आणि कार्ब्युरेटर मात्र वेगळे. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ मध्ये आली ती ट्रायम्फच्याच हेराल्डच्या आधारावर, पुढचं सस्पेन्शन तिचंच. हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती, तेव्हा तिचे तुकडे अजून भंगार बाजारात सापडतात. एमजीबीची तर अख्खी बॉडी १९८८ पासून जुन्या साच्यांवर इंग्लंडमध्ये बनते.

डॅशबोर्डवरच्या मीटरांचे काटे अंधारात चमकतात. रंगवून घेऊ?

खरवडू नका. जुन्या काही डायलवरच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असायचं. चमक संपली तरी किरणोत्सर्ग संपत नाही, आणि त्याची भुकटी श्वासात जाणं वाईट. मीटर उघडूच नका, केबलला ग्रीस करा.

तारांच्या चाकांचा नट कुठल्या दिशेने सोडवायचा?

चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेने ठोकला की सुटतो. म्हणजे डावीकडचा नट नेहमीच्या आट्याचा, उजवीकडचा उलट्या आट्याचा. शिश्याचा किंवा तांब्याचा हातोडा वापरा. रिस्टोरेशनमध्ये हब डावे-उजवे अदलाबदल झाले तर नट चालता चालता सैल होतो आणि चाक निघून जातं. स्पोक वाजवून बघा, बद्द आवाज आला तो सैल.

ई२० पेट्रोल चालेल का?

पंपावर आता तेच, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, तेव्हा गाडीलाच तयार करावं लागतं. इथेनॉलने जुनं रबर आणि कॉर्क फुगतं, मऊ पडतं आणि गळतं. इथेनॉल सोसणारा पाइप टाका, एसयू कार्ब्युरेटरचे सील बदला, मिश्रण थोडं रिच ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, तेव्हा महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते भरून ठेवू नका. पेट्रोलच्या पाइपचं काम दिव्यांच्या आधी करा. ब्रेकचंही.

रजिस्ट्रेशनचं काय?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली आणि मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. ऑफिसला जायची हौस असेल तर जुनंच रजिस्ट्रेशन फिटनेससह चालू ठेवणं बरं.

अगदी मूळचंच ठेवायचं, की सोयीप्रमाणे बदल करायचे?

मूळ म्हणजे नेमकं कुठलं, हे आधी ठरवा. आपल्या इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची ड्यूझेनबर्ग एसजे गाडी घ्या. इंजिन-चॅसिस अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग भगवा-काळा. तिच्यात मूळ ते, जे मालकाने मागितलं ते. तुमच्या आजोबांनी धुक्यासाठी पुढे एक जादा दिवा लावला असेल आणि तो जुन्या फोटोत दिसत असेल, तर तो काढून टाकणारा मी तरी नाही. रिले, जादा अर्थ, इथेनॉलचा पाइप हे न दिसणारे बदल खुशाल करा. पत्रा कापावा लागेल असा एकही नको.

दिव्यांचं सेटिंग घरी होतं का?

होतं. सपाट जागा, समोर भिंत, अंतर पंचवीस फूट. टायरमध्ये हवा बरोबर आणि ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, कारण या हलक्या गाड्या वजनाने लगेच झुकतात. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली आणा. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर गोधडी टाका.

पावसाळ्यात हेडलाइटच्या आत पाणी येतं.

बहुधा रिमखालचं रबर कडक झालेलं असतं, ते बदला. सिलिकॉन भरून सगळं सीलबंद करू नका, आत धरलेली वाफ रिफ्लेक्टर खाते. वाटीला पाणी निघायचं एक भोक असतं आणि रंगाच्या वेळी ते हमखास पुट्टीने बुजतं. तारेने मोकळं करा. रंगपंचमीला गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते त्या दिवशी गाडी घरातच ठेवा, तो रंग क्रोमच्या कडेत जाऊन बसतो. आणि वाटी परत बसवताना भोक खालच्या बाजूला आलंय ना, एवढं बघून मगच स्क्रू आवळा.